कराओके बारमधली रात्र: आधी नाव, मग खेळ, मग ग्लास

भिंतीवर टांगलेल्या गिटारी, कोपऱ्यात वीतभर उंचीचा मंच, त्यावर दोन माईक, समोर टीव्ही आणि पलीकडे पूल टेबल, डार्टबोर्ड, फूसबॉल म्हणजे टेबलावरचा फुटबॉल. असे म्युझिक बार पुण्या-मुंबईत आता जागोजागी आहेत. तिथली रात्र फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: क्रम चुकतो. नऊला पोचायचं, आधी एक ऑर्डर, मग दुसरी, मग डार्टवर हात साफ करायचा, आणि साडेदहाला कुणाला तरी गायची हुक्की येते. तोवर केजेकडे, म्हणजे कराओके चालवणाऱ्या जॉकीकडे, वीस नावं लागलेली असतात.

वीस नावांचा अर्थ समजून घ्या. ट्रॅक, म्हणजे गाण्याची ध्वनिमुद्रित साथ, साधारण साडेचार मिनिटांचा, माणूस खुर्चीतून उठून माईकपर्यंत येईस्तोवर आणखी एक मिनिट. तासाला अकराच्या वर गाणी होत नाहीत. म्हणजे साडेदहाला दिलेलं नाव साडेबाराच्या आसपास पुकारलं जाणार. बार दीडला बंद होणार, आणि बारानंतर बऱ्याच ठिकाणी केजे उठतो, डीजे बसतो. तुमचा नंबर गेला.

म्हणून आत शिरल्यावर मेनूकार्डाच्या आधी केजेकडे जा. तीन गोष्टी विचारा: यादी किती लांब आहे, नंबर माणसागणिक लागतो की टेबलागणिक, आणि कराओके किती वाजेपर्यंत चालणार. दुसरा प्रश्न महत्त्वाचा. बऱ्याच ठिकाणी एका फेरीत एका टेबलाचं एकच गाणं घेतात. पंधरा टेबलं गाणारी असली तर तुमच्या टेबलाची पाळी सुमारे ऐंशी मिनिटांनी फिरून येते. अशा ठिकाणी चौघांनी चार चिठ्ठ्या देऊन उपयोग नसतो. पहिल्या फेरीत कोण गाणार हे आपसात ठरवून टाकावं. टेबल वाटून दोन जागी बसायची युक्ती काही जण करतात, पण केजेला ती दुसऱ्या गाण्यालाच कळते.

गच्चीवरचा बार असेल तर वेगळं गणित. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, बंदिस्त सभागृहाला सूट आहे. त्यामुळे रूफटॉपवरचं कराओके दहाला आटोपतं, किंवा सगळा लवाजमा आतल्या हॉलमध्ये हलतो. तिथे गायचं असेल तर साडेसातला पोचा. नऊला येऊन 'आज आवाज का बंद' असं मॅनेजरला विचारण्यात अर्थ नाही.

सहा-सात जणांचा गट असेल आणि सगळ्यांनाच गायचं असेल, तर तासावर मिळणारी स्वतंत्र खोली परवडते. सहा जण, प्रत्येकी दोन गाणी, म्हणजे बारा गाणी: तासाहून थोडं जास्त. दीड तास घ्या. मात्र तिथे ऐकणारे आपणच, टाळ्याही आपल्याच. ज्याला परक्या माणसांसमोर गायची खुमखुमी आहे, त्याला ती खोली बेचव लागेल.

पट्टी ठरवल्याशिवाय मंचावर चढू नका

गाणं पडतं ते आवाज वाईट म्हणून क्वचितच. पडतं ते पट्टी, म्हणजे ज्या सुरावरून गाणं म्हणायचं तो सूर, चुकल्यामुळे. मुखडा खालच्या सुरात असतो, तो झकास जमतो, टेबलावरची मंडळी शिट्ट्या मारतात, आणि अंतरा वर चढला की आवाज फाटतो. तेव्हा गाणं निवडताना मुखडा गुणगुणून बघू नका. त्या गाण्यातली सगळ्यात उंच ओळ शोधा, ती बसून, कुजबुजत नव्हे तर बोलण्याच्या आवाजात म्हणून बघा. मान वर गेली, हनुवटी पुढे आली, गळ्याच्या शिरा ताणल्या, तर पट्टी खाली घ्यायची.

बहुतेक कराओके यंत्रांत आणि केजेच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी बदलायची सोय असते. एक दाबणं म्हणजे अर्धा सूर, म्हणजे पेटीवर शेजारची पट्टी, काळी असो वा पांढरी. सप्तकातल्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांना वेगवेगळे आकडे असतात. ट्रॅक काळी पाचमध्ये आहे आणि तुम्हाला पांढरी पाच सोयीची आहे, तर मोजा: काळी पाचवरून पांढरी सहा, मग काळी चार, मग पांढरी पाच. तीनदा खाली. पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये, तसंच पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्यामध्ये काळी पट्टी नसते, हे मोजताना विसरू नका. केजेला 'जरा खाली घे' म्हणण्यापेक्षा 'उणे तीन कर' म्हटलं की काम एका सेकंदात होतं, शिवाय तो तुमच्याकडे जरा आदराने बघतो.

तीन-चार दाबण्यांच्या पुढे मात्र जाऊ नये. ट्रॅकचा वेग तोच ठेवून सूर हलवला जातो, आणि जास्त हलवला की तबला-ढोलकीचा आवाज पत्र्यासारखा येऊ लागतो. पुरुषाने बाईचं गाणं घेतलं की नेमकी हीच पंचाईत होते. मूळ गाणं काळी चारमध्ये आणि तुमची पट्टी काळी एक, म्हणजे सात दाबणी खाली किंवा पाच वर. दोन्हीकडे ट्रॅक बिघडतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच गाण्याचा पुरुषी पट्टीतला वेगळा ट्रॅक आधीच शोधून ठेवणं. लोकप्रिय गाण्यांचे असे ट्रॅक यूट्यूबवर मिळतात.

गंमत म्हणजे कराओकेच्या जन्माची जी गोष्ट सांगतात, तीही गळ्याला बसणाऱ्या साथीचीच आहे. जपानच्या कोबे शहरात बारमध्ये वाजवणाऱ्या दाइसुके इनोउएकडून एका गिऱ्हाइकाला सहलीत साथ हवी होती. इनोउएला जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने त्या गिऱ्हाइकाच्या गळ्याला बसेल अशा बेताने साथ टेप करून दिली. त्यावरून १९७१ मध्ये त्याने नाणं टाकून चालणारी यंत्रं बनवून भाड्याने द्यायला सुरुवात केली. पेटंट मात्र घेतलं नाही. २००४ साली त्याला इग नोबेलचं, म्हणजे नोबेलच्या विनोदी नकलेचं, शांतता पारितोषिक मिळालं, ते लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल! शनिवारी रात्री अकरा वाजता कराओके बारमध्ये बसलेल्या कुणालाही ते पटेल.

ट्रॅक घरी एकदा ऐका

एकाच गाण्याचे पाच-सहा ट्रॅक असतात आणि सगळे सारखे नसतात. कुणी दुसरा अंतरा कापलेला असतो, कुणी सुरुवातीचं संगीत अर्ध्यावर आणलेलं असतं, कुणाच्या ट्रॅकमध्ये बासरी तुमच्या बरोबरीने चाल वाजवत राहते. नवख्याला ही शेवटची सोय बरी. सराईताला ती अडचण वाटते. तेव्हा गाण्याचं नाव सांगून थांबू नका, नेमकी लिंक केजेला पाठवा. पेनड्राइव्ह नेणार असाल तर त्यावर तेवढ्याच फायली ठेवा, नावं स्वच्छ लिहा, शेवटी पट्टीचा आकडा घाला. दोनशे फायलींतून तुमची शोधायला केजेला वेळ नसतो. इंटरनेटवरून थेट वाजवणार असतील तर ट्रॅक सुरू होण्याआधी जाहिरात येते, आणि तुम्ही माईक धरून साबणाची जाहिरात बघत उभे राहता. ट्रॅक आधी उघडून, थांबवून ठेवायला सांगा.

जुन्या हिंदी गाण्यांतलं मधलं संगीत पंचवीस ते चाळीस सेकंद चालतं. घरी ते कानात भरतं, बारमध्ये मात्र तो मोकळा वेळ अंगावर येतो: गायक मंचावर नुसता उभा, लोक परत गप्पांत. पहिल्यांदा गाणाऱ्याने मुखडा, एक अंतरा, परत मुखडा एवढंच करावं आणि केजेला तिथेच आवाज उतरवायला सांगावं. तीन अंतऱ्यांचं सहा मिनिटांचं गाणं ज्याला निभावतं तो कराओकेवर असे लेख वाचत नाही.

मराठी गाण्यांची एक जादा अडचण: टीव्हीवरचे शब्द बहुधा रोमन लिपीत येतात. त्यात ण आणि न, ळ आणि ल एकच होऊन जातात, अनुस्वार गायब असतात, आणि कधी ओळच चुकीची लिहिलेली असते. पाठ नसलेलं गाणं त्यावर विसंबून म्हणायला गेलात तर दुसऱ्या ओळीला ठेच लागते. शब्द देवनागरीत मोबाइलवर घ्या, अक्षर मोठं ठेवा, स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा. निवडीचं म्हणाल तर अकराच्या सुमाराला भावगीत चालत नाही. कितीही सुंदर गायलं तरी पलीकडचं टेबल मोठ्याने बिल मागतं. कोळीगीत, लावणीचा ठेका, टाळी धरता येईल असं काहीही चालतं, कारण ध्रुवपद सगळ्यांना येतं आणि अर्धं काम लोकच करतात. भावगीत पहिल्या तासाला घ्या. तेव्हा ऐकणारे थोडे असतात, पण खरंच ऐकतात.

माईक

हा भाग कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

माईकची जाळी ओठांपासून दोन-तीन बोटांवर ठेवा. उंच ओळ मोठ्याने येणार असेल तर हात एक वीत मागे न्या, लगेच परत आणा. जाळी मुठीत धरू नका. गाण्याच्या माईकला मागून-बाजूने येणारा आवाज कापण्यासाठी जाळीच्या आत खाचा असतात. मूठ आवळली की त्या बंद होतात, माईक चोहोबाजूंनी ऐकू लागतो, स्पीकरचा आवाज परत त्यात शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. माणूस दचकून माईक खाली करतो, त्याचं तोंड स्पीकरकडे होतं, शिट्टी वाढते. असं झालं तर माईक तोंडाजवळच ठेवा, मूठ जाळीवरून खाली दांड्यावर आणा आणि स्पीकरच्या पुढून बाजूला सरका. जाळीवर टिचक्या मारून 'हॅलो हॅलो' करायची गरज नसते. दोन शब्द बोलून बघितलं की पुरतं.

छोट्या बारमध्ये गायकाकडे तोंड केलेला मॉनिटर स्पीकर बहुधा नसतो. मुख्य स्पीकर खोलीच्या टोकाला असतात. दहा मीटरवरून आवाज पोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात, समोरच्या भिंतीवरून आपटून येणारा त्याहून उशिरा. त्या उशिरा येणाऱ्या ठेक्याला धरून गायलं की गाणं मागे मागे रेंगाळतं. म्हणून एखाद्या स्पीकरच्या शेजारी, पण त्याच्या तोंडापुढे नव्हे, अशी जागा धरा. टीव्हीवरच्या रंग बदलणाऱ्या अक्षरांवरही फार विश्वास नको: आवाज ब्लूटूथवरून जात असेल तर अक्षरं पुढे आणि संगीत मागे पडतं. डोळ्यांनी शब्द घ्या, ताल कानाने.

एको जास्त मागायची हौस सगळ्यांना असते. संथ गाण्याला तो शोभतो, जलद गाण्यात शब्द एकमेकांवर चढतात आणि पाचव्या टेबलावर नुसता गोंगाट पोचतो. केजेला 'एको कमी, आवाज थोडा वर' एवढं सांगा. युगुलगीत असेल तर दोन्ही माईक एकाच वेळी तपासून घ्या. बिनतारी माईकची बॅटरी संपत आली की आवाज तुटक येतो. दांड्यावरचा लाल दिवा लागलेला दिसला तर गाणं सुरू व्हायच्या आधीच सेल बदलून मागा.

गाण्याच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फरसाण, मसाला पापड, भाजलेले दाणे बंद. दाण्याचं टरफल टाळूला चिकटलं की पहिल्याच तानेला खोकला. फेसाळ बिअर पिऊन लगेच गेलात तर ढेकर माईकवर ऐकू जातो. साधं, फ्रीजमधलं नसलेलं पाणी प्या. धीर यावा म्हणून घेतलेल्या दोन पेगांनी धीर येतो हे खरं. पण त्याचबरोबर आपण बेसूर होतोय हे कळायचं बंद होतं.

नंबर येईपर्यंत: डार्ट, पूल आणि बाकीचं

नाव दिलंय, मधे तास-दीड तास आहे. खेळांची वेळ हीच. साडेनऊनंतर पूल टेबलही मिळत नाही.

बारमध्ये आता बहुधा प्लॅस्टिकच्या टोकाचे डार्ट आणि गुण मोजणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. बोर्डाचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर. फेकायची रेघ लोखंडी टोकाच्या डार्टला २.३७ मीटरवर, प्लॅस्टिकच्या टोकाला बहुतेक ठिकाणी २.४४ मीटरवर. रेघ पुसली गेली असेल तर आठ फूट मोजून घ्या. खोटं अंतर पकडून खेळलं की हात बिघडतो.

नवखे सगळे वरच्या २० वर नेम धरतात, आणि तिथेच गुण घालवतात. बोर्ड मुद्दाम तसा आखलाय: २० च्या एका बाजूला ५, दुसऱ्या बाजूला १. नेम एक घर चुकला की शिक्षा. डावीकडची घरं बघा, खालून वर: ७, १६, ८, ११, १४, ९, १२. यात सातच्या खालचा एकही आकडा नाही. ज्याचा डार्ट अजून कुठेही जातो त्याने बोर्डाच्या डाव्या अंगाला, मध्याच्या जरा खाली नेम धरावा. तासाभरात तो २० वाल्यांच्या पुढे निघतो. हात बसला की मग खालच्या १९ कडे, आणि त्यानंतर २० कडे. फेकताना कोपर हलवू नका, खांदा तर मुळीच नाही. कोपरापासून पुढचाच हात हलला पाहिजे, आणि डार्ट सुटल्यावर बोटं बोर्डाकडे रोखलेली राहिली पाहिजेत. डार्ट सारखे खाली लागत असतील तर ते उशिरा सुटतायत, वर लागत असतील तर लवकर.

५०१ चा डाव, म्हणजे ५०१ वरून गुण वजा करत शून्यावर यायचं, नवख्यांना लांबतो, ३०१ घ्या. शेवट दुहेरी घरावर, म्हणजे आकडा दुप्पट करणाऱ्या बाहेरच्या अरुंद कडीवर, करायचा असेल तर ३२ उरतील असं बघा. दुहेरी १६ मारायला गेलात आणि साधा १६ लागला, तर १६ उरतात: दुहेरी ८. तिथेही साधा ८ लागला तर दुहेरी ४, मग दुहेरी २, मग दुहेरी १. चुकलं तरी निम्मं होत जातं आणि रस्ता बंद होत नाही. ३८ उरवले आणि साधा १९ लागला तर हातात विषम आकडा, म्हणजे एक डार्ट नुसता दुरुस्तीत जाणार. उरलेल्यापेक्षा जास्त लागले किंवा नेमका १ उरला, तर ती फेरी बाद, गुण फेरीच्या सुरुवातीला होते तिथे परत.

इलेक्ट्रॉनिक बोर्डावर भांडणं होतात ती दोन कारणांनी. तीन डार्ट झाल्यावर खेळाडू बदलायचं बटण कुणी दाबत नाही, आणि पुढच्याचे गुण मागच्याच्या नावावर चढतात. दुसरं, मोडलेलं प्लॅस्टिकचं टोक भोकात अडकून एखादं घर दाबलेलंच राहतं आणि यंत्र अडून बसतं. पोऱ्याला बोलवा, त्याच्याकडे टोक काढायचं हत्यार असतं. खिशातली किल्ली खुपसू नका. बोर्डाला लागून खाली पडलेला डार्ट यंत्राने मोजला तरच गुण, असं आधीच ठरवून टाका.

पूल म्हणजे इथे बहुधा एट-बॉल. त्रिकोणात काळा ८ मध्यभागी, मागच्या दोन कोपऱ्यांत एक सॉलिड (एकरंगी) आणि एक स्ट्राइप (पट्ट्याचा), बाकीचे कसेही, पण चेंडू एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत. फट राहिली की ब्रेक, म्हणजे पहिला फटका, नीट फुटत नाही. पहिला फटका मारण्याआधी तीन नियम बोलून घ्या, कारण प्रत्येक बारचे वेगळे असतात: पांढरा खड्ड्यात गेला तर पुढच्याने तो टेबलावर कुठेही ठेवायचा की रेघेमागूनच मारायचा, काळ्यासाठी खड्डा आधी सांगायचा की नाही, आणि ब्रेकलाच काळा गेला तर काय. स्पर्धांच्या नियमांत ब्रेकला काळा गेला म्हणजे डाव जिंकला असं नसतं, पण बारमध्ये तसं मानणारे पुष्कळ भेटतात.

बारची टेबलं क्वचितच सपाट असतात. सुरुवातीला एक चेंडू अगदी हळू सोडून बघा. शेवटच्या हातभर अंतरात तो ज्या बाजूला वळेल, तिकडे उतार. मग जपून, हळू मारायचे फटके त्या दिशेने टाळा. क्यूचं, म्हणजे मारायच्या काठीचं, चामडी टोक गुळगुळीत चमकत असेल तर दुसरा क्यू घ्या, खडू लावूनही तो सटकेल. पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर मारा. फिरकीचा मोह टाळला तर अर्धे चुकलेले फटके वाचतात. अर्ध्या तासाचे पैसे भरले असतील तर त्यात नवख्यांचे दोनच डाव होतात, तेव्हा ब्रेकनंतर सेल्फी नकोत. ग्लास टेबलाच्या कडेवर ठेवलात तर मॅनेजर धावत येईल, आणि त्याचं बरोबर आहे: ओलं कापड बदलायला मोठा खर्च येतो.

फूसबॉलबद्दल दोनच वाक्यं. दांडा गरागरा फिरवणं नियमात बसत नाही, आणि त्याने गोलही होत नाहीत. डावा हात गोलरक्षकाच्या दांड्यावर ठेवून उजव्याने बाकीचे सांभाळा.

म्युझिकल हाऊजी असेल तर खेळाच. आकड्यांऐवजी गाण्याचे तुकडे वाजतात, तिकिटावर गाण्यांची नावं. लबाड केजे मुखडा लावतच नाही, मधलं संगीत लावतो, तेव्हा गटात एक तरी जुन्या गाण्यांचा किडा हवा. पहिले पाच, कोपरे, ओळी, फुल हाऊस अशी बक्षिसं; पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत ओरडलात तरच दावा धरतात. उशीर झाला किंवा चुकीचा दावा केला की तिकीट बाद.

ग्लास आणि बिल

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. एकवीस-बावीसच्या मुलामुलींनी व्हिस्की मागून वेटरला अडचणीत आणू नये. ओळखपत्र मागणं त्याचं काम आहे. कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना लागतो: एक दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० ला, आयुष्यभराचा १००० ला. २ ऑक्टोबरला आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास बार बंद असतो, टेबल राखून ठेवताना कॅलेंडर बघा.

मापाचा अंदाज असू द्या. ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल. ३३० मिलीची साधी, पाच टक्क्यांची बिअर १३ ग्रॅम. आणि ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. 'मी काय, फक्त एक बिअर घेतली' म्हणणारा माणूस बरेचदा हीच बाटली पिऊन बसलेला असतो. शरीर ते तासाला साधारण एका छोट्या पेगाच्या वेगाने उतरवतं, लिंबूपाण्याने किंवा ब्लॅक कॉफीने हा वेग वाढत नाही. वन प्लस वनमध्ये, म्हणजे एकावर एक फुकट असेल तेव्हा, बऱ्याच ठिकाणी दोन्ही ग्लास एकदमच आणून ठेवतात, बर्फ वितळतो म्हणून माणूस दुप्पट वेगाने पितो. दुसरा नंतर आणायला सांगा, काही ठिकाणी ऐकतात.

जेवण साडेदहाच्या आत सांगा. किचन बारच्या आधी बंद होतं, मग हातात राहतो तो चखणा.

बिल दोन भागांत वाचा. खाण्यावर जीएसटी, साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. दारूवर जीएसटी लागतच नाही. तिथे राज्याचा व्हॅट असतो, परमिट रूमला १० टक्के. दोन्ही एकाच बेरजेवर लावलेले दिसले तर विचारा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. शांतपणे 'हा काढा' म्हटलं की बहुतेक ठिकाणी काढतात. मग वाचलेल्यातले काही पैसे वेटरच्या आणि केजेच्या हातात रोख द्या, ते थेट त्यांना मिळतात. कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, भरला असेल तर तो खाण्यापिण्यात वळता होतो का, आणि खेळांनाही चालतो का, हे दारातच विचारायचं. बहुधा खेळांना चालत नाही. खेळांच्या कार्डावर एकदम मोठी रक्कम भरू नका, उरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

आत शिरल्यावर आणखी एक काम, अर्ध्या मिनिटाचं: दुसरा दरवाजा कुठे आहे ते चालत जाऊन बघा. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारात मध्यरात्री लागलेल्या आगीत १४ जण गेले, त्यातले बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते. दुसऱ्या दरवाजासमोर बिअरचे क्रेट रचलेले असतील तर ते ठिकाण सोडून दुसरीकडे जा.

गाडी घरीच ठेवा. मर्यादा रक्ताच्या १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे, ती दोन छोट्या पेगांतही ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मुंबईत लोकलने परतायचं असेल तर एम-इंडिकेटर ॲपवर शेवटची गाडी आधी बघा. दीडला सगळे बार एकदम रिकामे होतात आणि कॅबचं भाडं तेव्हाच चढतं. एकला बिल मागवा, ते येईपर्यंत कॅब बोलवा, आणि निघताना केजेकडून आपला पेनड्राइव्ह मागून घ्या.